विहीणबाई परांचीवर

इथे अमेरिकेत मराठी मंडळाच्या पिकनिकला नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तुम्ही कशात?’ म्हणजे जावात, डेटात की टेस्टिंगमध्ये. मी सांगते, ‘मी टाइल्स ठोकते.’ समोरच्याचा घास हातातच राहतो. मग आमचे श्रीकांतराव, जे आयुष्यभर रीतसर सॉफ्टवेअरमध्ये होते, घाईघाईनं सारवासारव करतात, ‘म्हणजे ती आर्किटेक्ट आहे हो. जुन्या बिल्डिंग्जचं रिस्टोरेशन करते.’ तेही खोटं नाही. पण नोकरीतला निम्मा वेळ मी परांचीवर उभी राहून, लाकडी हातोडीनं छताला टकटक करत आणि कान देऊन ऐकत काढला, हे जास्त खरं आहे.

मंडळाच्या या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवरच बजावलं होतं, ‘काहीतरी हलकंफुलकं लिही गं, सिमेंटबद्दल नको.’ त्यांना कल्पना नाही, सिमेंटशी माझं उभं वैर आहे. जुन्या चुन्याच्या कामावर कुणी सिमेंट थापलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. तेव्हा त्याबद्दल मी अवाक्षरही काढणार नाही.

माझं काम समजायला सोपं आहे. बाजारात माठ घेताना आपण बोटानं वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा. भिंतीवरच्या किंवा छताच्या टाइलचंही तेच. मागचा चुना घट्ट धरून असेल तर ती खणखणीत बोलते, सुटला असेल तर पोकळ आवाज येतो. ज्या ज्या जागी पोकळ आवाज येईल तिथे खडूनं खूण करायची, बारीक भोक पाडायचं आणि इंजेक्शनच्या सुईनं आत पातळ चुना सोडायचा. मग टेकू लावून वाट बघायची. एवढ्यासाठी मी सातारा सोडून शिकागोला आले आणि दोन पदव्या घेतल्या, असं आमच्या सासूबाई पाहुण्यांना सांगत. त्यांच्या आवाजात कौतुक जास्त असायचं की काळजी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक भेटली. टेक्सासमधल्या प्लेनोच्या एका डॉक्टरबाईंनी बार्सिलोनाची ट्रिप करून आल्यावर मला फोन केला. त्यांच्या मोठ्या घरातल्या मास्टर बाथरूममध्ये त्यांना ‘सेम टु सेम बार्सिलोना’ हवं होतं. म्हणजे फुटलेल्या टाइलांच्या तुकड्यांचं रंगीत काम. मी आनंदानं विमानात बसले. तिथे गेल्यावर बाई म्हणाल्या, ‘फक्त एक रिक्वेस्ट आहे. सगळे तुकडे सारख्या साइझचे हवेत.’ मी म्हटलं, ‘सारख्या साइझच्या तुकड्यांना टाइल म्हणतात.’ ते काम मला मिळालं नाही. क्युपर्टिनोच्या एका गृहस्थांनी दर तुकड्यामागे वॉरंटी मागितली होती. त्यांना मी म्हटलं, मूळ काम शंभरएक वर्षं टिकलंय, तुम्ही तेवढे थांबा, मग बोलू. तेही काम मिळालं नाही. माझ्या तोंडामुळे आमच्या फर्मचं काय काय गेलं, हा श्रीकांतरावांचा आवडता विषय आहे.

हे बार्सिलोनाचं काम म्हणजे काय, ते आधी सांगते. स्पेनच्या त्या कोपऱ्याला कॅटलोनिया म्हणतात. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या वास्तुरचनाकारांना सरळ रेषेचा कंटाळा आला. त्यांनी खांबांना झाडांसारखे बुंधे दिले, लोखंडी कठड्यांवर द्राक्षांचे वेल चढवले, खिडक्यांच्या रंगीत काचांत चतुराचे पंख आणले. छतासाठी पातळ विटांचे थर एकावर एक चिकटवून असे घुमट केले, की खालून बघणाऱ्याला वाटावं आत्ता पडेल, आणि ते पडत नाहीत. त्या घुमटांवर नि बाकांवर त्यांनी कारखान्यातल्या वाया गेलेल्या टाइल्स आणि चिनीमातीची भांडी फोडून त्यांचे तुकडे बसवले. गोल पृष्ठभागावर चौकोनी टाइल बसत नाही, तुकडा बसतो, हे साधं व्यवहारी कारण. त्यांच्या भाषेत त्याला त्रेंकादीस म्हणतात. आपल्याकडे गच्ची गळू नये म्हणून चायना मोझॅक करतात ना, तो त्याचाच गरीब चुलतभाऊ.

असं एक काम आमच्या शिकागोत, डाउनटाउनच्या एका जुन्या हॉटेलात आहे. कॅटलोनियाहून आलेल्या कुणा कारागिरानं तिथली चहाची खोली केली. त्याचं नाव कुठे सापडत नाही. आत शिरलं की बुंध्यांसारखे खांब, आणि वर बसका घुमट, पूर्ण कपबश्यांच्या तुकड्यांचा. कुठे बशीची सोनेरी कड, कुठे निळ्या फुलाची अर्धी पाकळी, एका जागी तर कपाचा अख्खा कान. दुपारी खिडकीतून तळ्याकडचा उजेड आत आला की सगळं छत ओल्यासारखं चमकतं. मी विद्यार्थिनी असताना तिथे एक कप चहा घेऊन तासन्‌तास वर बघत बसायची. वेटर वैतागायचे.

ते हॉटेल काही वर्षांपूर्वी आपल्या मराठी डॉक्टरांच्या एका ग्रुपनं विकत घेतलं. त्यातले म्होरके डॉ. मोहन परचुरे. भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्य घालवलेले, आता निवृत्त, आमच्या मंडळाचे जुने खांब. एका बड्या पाहुण्याच्या सूपमध्ये छताचा तुकडा पडला आणि त्यांचा मला फोन आला.

“मंजिरी, छत गळतंय.”

“पाणी?”

“नाही गं, बश्या.”

मी हेक्टरला घेऊन गेले. हेक्टर माझा गवंडी. मेक्सिकोचा, माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा चांगलं बेसनाचं पिठलं करणारा. आम्ही परांची उभी केली आणि ठोकायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरचा पाइप कधीतरी फुटला असणार, कारण मधला बराच भाग बद्द बोलत होता. मी डॉक्टरांना म्हटलं, “पेशंट वाचेल. इंजेक्शनं द्यावी लागतील.”

“भूल द्यायला मी आहेच,” डॉक्टर खूश होऊन म्हणाले.

त्यांच्या एका पार्टनरनं मात्र वर बघून तोंड वाकडं केलं. “मोहन, हे तर आमच्या सांगलीच्या गच्चीवर होतं यार. याच्यासाठी एवढा खर्च? पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग टाक, एलईडी लाव, क्लीन लुक.” डॉक्टरांनी त्यांना कसंबसं गप्प केलं. काम सुरू झालं.

त्याच सुमारास डॉक्टरांच्या लेकीचं, सईचं लग्न ठरलं. सई इमर्जन्सी रूममध्ये डॉक्टर आहे. मुलगा आदित्य, नागपूरचा, प्लेनोत आयटीत. लग्न याच हॉटेलात, याच खोलीत, छताचं काम संपल्यावरच्या पहिल्या मुहूर्तावर करायचं ठरलं. सईचा हट्टच होता तसा. ती लहानपणापासून वडिलांबरोबर इथे येऊन वरचे कपाचे कान मोजायची.

आणि मग नागपूरहून विहीणबाई आल्या.

सुलभाताई मुळमुळे. निवृत्त गणित शिक्षिका, ताठ कणा, फिकट रंगाची सुती साडी, मनगटावर घड्याळ. आदित्यचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते, एवढं मला ठाऊक होतं. डॉक्टर त्यांना मोठ्या अभिमानानं खोली दाखवायला घेऊन आले. आम्ही कोपऱ्यात चुना कालवत होतो. सुलभाताई मधोमध उभ्या राहिल्या, वर बघितलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

“हे काय जी? फुटक्या कपबश्या?”

डॉक्टर म्हणाले, “आर्ट आहे हे सुलभाताई. कॅटलन.”

“असेल. पण याच्याखाली माझ्या पोराच्या डोक्यावर अक्षता टाकणार तुम्ही? घरात चिरलेला कप आम्ही ठेवत नाही, अन् इथे अख्खं छत फुटक्याचं!”

“आई, इट्स जस्ट अ सीलिंग,” आदित्य पुटपुटला.

“तू गप रे.” एवढं बोलून त्या बाहेर निघून गेल्या. आवाज चढवला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

डॉक्टर परचुऱ्यांनी आयुष्यात हजारो माणसं शांतपणे झोपवली असतील. पण मुलीचा बाप झाल्यावर आणि समोर विहीण उभी राहिल्यावर त्यांचं सगळं ज्ञान गळून पडलं. संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. “मंजिरी, झाकून टाक. फॉल्स सीलिंगवाल्याला बोलावलंय सोमवारी.”

“झाकून म्हणजे कसं झाकणार, माहितीये तुम्हाला?”

“खाली एक छत टांगायचं. वरचं वर राहील. तुटणार तर नाही ना काही?”

हाच तर घोळ आहे. खोटं छत हवेत तरंगत नाही. ते खऱ्या छताला टांगतात. त्यासाठी खऱ्या छतात जागोजागी ड्रिल मारून बोल्ट ठोकतात. विटांचे पातळ थर आणि त्यावरचे तुकडे त्या धक्क्यानं सुटतात, आणि सुटलेत हे कुणाला दिसतही नाही, कारण आता ते झाकलेले असतात. याच शहरातल्या एका जुन्या नाट्यगृहाचं छत मी पूर्ण ठोकून, तपासून, तंदुरुस्त म्हणून सही दिली होती. मालकांनी तरीही त्याखाली खोटं छत टांगलं. काही वर्षांनी ते काढलं तेव्हा वर काही राहिलेलंच नव्हतं, सगळं खालच्या फळ्यांवर भुगा होऊन पडलं होतं. मी त्या दिवशी गाडीत बसून रडले होते. छतासाठी रडणारी बाई म्हणून हेक्टर अजून चिडवतो.

मी डॉक्टरांना सरळ सांगितलं, “सोमवारी ड्रिल लागलं की हे छत गेलं. मी काय, कुणीच नंतर वाचवू शकणार नाही.”

“आणि लग्न मोडलं तर ते कोण वाचवणार?”

“बाबा, सीरियसली? कुणी मोडत नाहीये लग्न,” सई म्हणाली. पण तिच्याही आवाजात दम नव्हता. आदित्यच्या आईला दुखवून तिलाही काही नको होतं. आदित्य गेली दोन वर्षं रोज सकाळी नागपूरला व्हिडिओ कॉल करतो, आईनं ‘जेवले’ म्हटल्याशिवाय ऑफिसला निघत नाही, हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, “मंजूमावशी, त्या नाही म्हणाल्या तर झाकू या. मला वाईट वाटेल, पण झाकू या.”

तेव्हा सोमवारपर्यंत माझ्या हातात एकच गोष्ट होती. मी डॉक्टरांना म्हटलं, “मला उद्या सुलभाताईंना वर न्यायचंय.”

“वर म्हणजे?”

“परांचीवर.”

“तू माझ्या विहिणीला परांचीवर चढवणार?” डॉक्टरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. “पडल्याबिडल्या म्हणजे?”

“तुम्ही आहात की भूल द्यायला.”

मला वाटलं होतं, सुलभाताई नकार देतील. त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, “किती वाजता येऊ?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डेव्हन ॲव्हेन्यूवरून, म्हणजे इथल्या देशी बाजारातून आल्या. तिथे साड्यांची खरेदी चालली होती, बाकीच्या बायका मागे राहिल्या आणि या एकट्याच टॅक्सीनं आल्या. मी त्यांना हेल्मेट दिलं. ते अंबाड्यावर बसेना, मग हेक्टरनं मागचा पट्टा सैल करून दिला. आमच्या कामाच्या जागेचा नियम असतो, वर चढताना हातात, गळ्यात अडकेल असं काही नको. मी सवयीनं म्हणून गेले, “घड्याळ आणि बांगड्या तेवढ्या काढून ठेवा.”

त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मग दोन्ही हात पुढे करून दाखवले. “बांगड्या नाहीत. चला.”

मला माझीच जीभ चावावीशी वाटली.

पदर खोचून त्या शिडीनं सरसर वर आल्या. मी म्हटलं, “सवय दिसतेय.” त्या म्हणाल्या, “शाळेत फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात त्रिकोण काढायला स्टुलावर चढायची मी. तुम्हाला काय वाटलं, सासवा सोफ्यावरच बसतात काय?”

वर घुमट अगदी डोक्याशी येतो. खालून चमक दिसते, वरून एकेक तुकडा दिसतो. मी त्यांच्या हातात हातोडी दिली, कसं वाजवायचं ते दाखवलं. त्यांनी एक जागा वाजवली. “खणखणीत.” दुसरी वाजवली. “हे बद्द हो.” पाच मिनिटांत त्या माझ्याही आधी सांगायला लागल्या. गणिताच्या बाईंचा कान तिखट असतो, शेवटच्या बाकावरची पोरांची कुजबुज फळ्यापाशी ऐकलेली असते.

“माठच आहे की,” त्या म्हणाल्या. पण लगेच हात मागे घेतला. “तरी फुटकंच आहे नं ताई. कोणाच्या तरी घरची फुटलेली भांडी.”

मी म्हटलं, “घरची नाहीत. हे बघा.”

परांचीच्या फळीवर एक लाकडी पेटी होती. हॉटेलच्या तळघरात आम्हाला सापडलेली. तिच्यात जुन्या, धड, न वापरलेल्या बश्या होत्या, छतात आहेत तशाच, सोनेरी कडेच्या. कारागिरानं पुढच्या दुरुस्तीसाठी मुद्दाम ठेवलेला शिलकी माल. म्हणजे छतातल्या बश्याही कुणाच्या हातून निसटल्या नव्हत्या. चांगल्या, नव्या, छतासाठीच आणलेल्या होत्या, आणि त्यानं त्या एकेक करून बसवण्यासाठी तोडल्या होत्या. पडलेल्या जागा भरायला आता आम्हालाही तेच करायचं होतं.

नेमकं तेव्हाच हेक्टरनं पेटीतली एक बशी कापडात गुंडाळली, हातोडी उचलली आणि नेहमीसारखा माझ्याकडे बघून ओरडला, “मंजिरी! वाडवू?”

सुलभाताईंनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. “काय म्हणाला हा?”

आता हे सांगायला हवं. आमच्या घरी लहानपणी ‘फुटलं’ हा शब्द काढायची सोय नव्हती. आई पाठीत धपाटा घालायची. नारळ वाढवायचा, दिवा वाढवायचा, बांगडी तडकली तरी ‘वाढली’ म्हणायचं. ती सवय माझ्या जिभेवर इतकी बसली, की नोकरीत पहिल्यांदा टाइल तोडायची वेळ आली तेव्हाही तोंडातून ‘वाढवू या’च आलं. हेक्टरनं त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, चांगल्या कामासाठी एखादी वस्तू तोडायची असेल तर आम्ही असं म्हणतो. त्याला ते फार आवडलं. तेव्हापासून आमच्या कामावर हातोडी पडण्याआधी ‘वाडवू?’ अशी आरोळी होते, आणि मी ‘वाढव’ म्हटल्याशिवाय तो हातोडी मारत नाही. ‘ढ’ काही त्याला अजून जमलेला नाही.

सुलभाताई हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा, आणि चांगल्या खळखळून. हेल्मेट डोळ्यांवर आलं. “बाप्पा! मेक्सिकोच्या माणसाला वाढवणं शिकवलं तुम्ही!”

मग हसू ओसरलं. त्या फळीवर बसल्या. मीही बसले. हेक्टर कापडात गुंडाळलेली बशी हातात धरून थांबला होता.

“ताई, शब्द मलाही येतो,” त्या हळू म्हणाल्या. “सबंध जन्म तोच म्हटला. भांडी घासताना बांगडी पिचली तरी, वाढली. एकदा शाळेत आदळून दोन गेल्या, तेव्हाही वाढल्या. पण हे गेले नं, त्या दिवशी माझ्या जावेनं अन् नणंदेनं माझे हात दगडावर धरले. अन् त्या दिवशी कोणी वाढवल्या नाही म्हटलं. फोडा म्हणाल्या. बाईच्या बांगड्या फोडा. तेच हात, तसलीच काच. शब्द तेवढा काढून घेतला माझा.”

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले, एवढंच.

“आदित्य तेव्हा विमानात होता. त्याला हे माहीत नाही, तुम्हीही सांगू नका,” त्या म्हणाल्या. त्याला ठाऊक नव्हतं तोवर मीही कुणाला सांगितलं नाही. आता हे लिहिण्याआधी त्यांना फोन केला, तेव्हा म्हणाल्या, ‘लिहा, आता तो सगळं जाणतो.’ तेव्हा परांचीवर त्या पुढे म्हणाल्या, “मी म्हटलं होतं, लग्नात मागेच बसीन. माझी सावली नको त्याच्या सुखावर. अन् इथे येऊन बघते तं डोक्यावर सगळं फुटकं. मला वाटलं, मी मागे बसून काय उपयोग? हे तं माझ्याआधीच येऊन बसलं आहे.”

म्हणजे त्यांना राग छताचा नव्हताच. त्या स्वतःलाच त्या छताइतक्या अपशकुनी समजत होत्या. मला त्यांच्या जावेचा आणि नणंदेचा असा संताप आला, की त्या समोर असत्या तर हातोडी माझ्या हातात होती, इतकंच सांगते.

“सुलभाताई, तुम्ही मागे बसणार असलात तर मी हे छत कशाला वाचवू?” मी म्हटलं. रागानंच म्हटलं. “सोमवारी येऊ दे त्या ड्रिलवाल्याला.”

“माझ्यावर कशाला रागावता जी?” त्या चकित झाल्या.

“मग कुणावर रागावू? दुसरं कुणी वर चढून आलंच नाही.”

त्या पुन्हा हसल्या, डोळे पुसत. एका कपाच्या कानाला हात लावून बघितला, घट्ट होता. मग हेक्टरकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, ती हातोडी द्या इकडे.”

हेक्टरला मराठी कळत नाही, पण पुढे आलेला हात कळतो. त्यानं बशी फळीवर नीट ठेवली आणि हातोडी त्यांच्या हातात दिली. त्याची हातोडी तो मला देत नाही.

त्यांनी नेम धरला. माझ्याकडे बघितलं आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, “वाढवू?”

“वाढवा.”

एकाच फटक्यात काम झालं. कापड उघडलं तेव्हा आत छान मोठे तुकडे निघाले, सोनेरी कड न चिरडता. हेक्टरनं जीभ टाळ्याला लावून कौतुकाचा आवाज काढला. सुलभाताईंनी त्यातला एक तुकडा स्वतः चुन्यात बसवला, अंगठ्यानं दाबला, आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “थोडा तिरपा गेला.” मी म्हटलं, “तिरपाच हवा.”

खाली डॉक्टर परचुरे मान वर करून, दोन्ही हात पुढे धरून उभे होते, जणू विहीणबाई वरून पडल्याच तर झेलणार होते. त्यांचा खांदा दुखावलेला आहे, त्यांना बाळही झेलवणार नाही. सुलभाताई खाली उतरल्या, पदर सोडला, हेल्मेट त्यांच्या हातात दिलं.

“डॉक्टर, ते झाकायचं फाकायचं काही करू नका. सोमवारच्या माणसाला नाही म्हणा.”

“पण तुम्हीच तर काल...”

“काल मी खालून बघितलं होतं.”

डॉक्टरांनी खिशातून फोन काढला आणि माझ्यादेखत कॅन्सल केलं. पार्टनरला कळवताना मात्र आवाजात पुन्हा भूलतज्ज्ञाचा थाट आला होता. “विहीणबाईंचा निर्णय आहे, बाबा. माझ्या हातात काही नाही.”

छत पूर्ण झालं. शेवटच्या दिवशी मी सगळं पुन्हा एकदा ठोकून बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खणखणीत. माझं नोकरीतलं ते शेवटचं मोठं काम. आमच्या फर्ममध्ये आता छताचे फोटो काढून यंत्रानं पोकळ जागा शोधतात, आणि यंत्र चुकतं असं मी म्हणणार नाही. पण हातोडीनं ऐकायला शिकायला मात्र माझ्याकडे कुणी आलं नाही, याचं वाईट वाटतं. जाऊ दे.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्याच खोलीत बांगड्या भरायचा कार्यक्रम होता. डेव्हनच्या दुकानातून शबानाबी आल्या होत्या, हैदराबादच्या, पिढीजात कासारकामातल्या. सईचा हिरवा चुडा भरून झाला. मग डॉक्टरांची बायको, मग मावश्या, माम्या, सईच्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणी. हेक्टरच्या बायकोनं, रोसानं, दोन्ही हातांत कोपरापर्यंत भरून घेतल्या आणि काढायला तयार होईना. माझ्याही हातात बऱ्याच दिवसांनी काच आली.

सुलभाताई खांबाशी उभ्या होत्या. मागे नव्हत्या, पण पुढेही नव्हत्या. नागपूरहून आलेल्या दोघी नातेवाईक बायका त्यांच्याकडे बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं करत होत्या. परांचीवर एक गोष्ट आणि सगळ्या बायकांसमोर दुसरी.

सई उठली, हिरव्या हातांनी त्यांचा हात धरला. “आई, युअर टर्न.”

“मला नको गं.”

“मला हव्यात. तुमच्या हातात.”

सुलभाताईंनी वर बघितलं. मग नातेवाईक बायकांकडे बघितलं, अगदी सरळ. आणि शबानाबींच्या समोर बसून हात पुढे केला.

शबानाबींनी हात चेपून मऊ केला आणि एकेक बांगडी चढवू लागल्या. पहिली गेली, दुसरी गेली. तिसरी अंगठ्याच्या हाडापाशी अडली, कच्‌ असा आवाज झाला, आणि काचेचे तुकडे सुलभाताईंच्या मांडीवर पडले.

नागपूरच्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. सईचा चेहरा पांढरा पडला. शबानाबी घाबरून ‘माफ करना अम्मा’ म्हणू लागल्या.

सुलभाताईंनी मांडीवरचे तुकडे सावकाश वेचले, शबानाबींच्या ताटलीत ठेवले. मग हात पुन्हा त्यांच्यासमोर धरला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा बाईंच्या आवाजात म्हणाल्या, “वाढली. दुसरी भरा.”